विसरातले घास

गुरुवार

सून दुधाचा पेला घेऊन खाटेपाशी आली तसा म्हाताऱ्याने तोंडावर हात ठेवला.

"आज गुरुवार," तो बोटांमधून बोलला. "रोजा आहे माझा."

"आज शनिवार आहे, अब्बा."

"शनिवार काल झाला."

"काल शुक्रवार. मशिदीत नाही का गेलात? येताना एका पायात कुणाची तरी चप्पल घालून आलात."

त्याने वाकून खाटेखाली बघितलं. एक चप्पल काळी, एक तपकिरी. "म्हणजे तिकडे आणखी कुणीतरी माझ्यासारखाच आहे," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. हात मात्र तोंडावरून निघाला नाही.

दूध परत चुलीपाशी गेलं. आता संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर तो एक खजूर चोखेल, चार घोट पाणी पिईल, ताटाकडे बघता बघता पेंगायला लागेल. सकाळी पुन्हा गुरुवार. मनगट एवढंसं झालं होतं. त्याला उठवताना ती काखेत हात घालायची तेव्हा बरगड्या बोटांना लागायच्या, आणि रोज त्या आदल्या दिवसापेक्षा जास्त लागतात असं तिला वाटायचं.

उंबऱ्यावर नवरा पायांच्या भेगांत मेण भरत बसला होता. मिठागरात उतरायचं तर हे करावंच लागतं, नाहीतर मीठ भेगेत शिरतं आणि दिवसभर पाय जळत राहतो. त्याने सगळं ऐकलं होतं. पावलाला फडकं गुंडाळलं, गाठ मारली, दुसरं पाऊल मांडीवर घेतलं.

"तुम्ही सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"शनिवार आहे म्हणून."

"तू सांगितलंस की."

खांद्यावर फळी टाकून तो बांधावरून चालू लागला. फळी म्हणजे लांब दांड्याला आडवी ठोकलेली लाकडी पट्टी. वाफ्यात धरलेलं मीठ या फळीने ओढून काठाला आणायचं. सध्या तो त्याच फळीने चिखल ओढत होता.

खरा गुरुवार

म्हाताऱ्याची उभी हयात पाण्याच्या दारावर गेली. खाडी आणि वाफ्यांच्या मधल्या बांधात हे लाकडी दार आहे. वर ओढलं की समुद्र आत, खाली सोडलं की बाहेर. कधी ओढायचं, किती ओढायचं, उधाण कुठवर चढणार, हे त्याला विचारल्याशिवाय आजूबाजूचे लोकसुद्धा आपली दारं हलवत नसत. त्याचं नावच दारवाले पडलं होतं. मुलाला काम त्यानेच शिकवलं. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात ते जड होतं, तेव्हा घाई करायची नाही. एका सकाळी दुधावर साय यावी तसं मीठ धरतं.

यंदा धरलं होतं. नवरा ओंजळभर घेऊन तिला दाखवायला घरापर्यंत आला होता. दातांसारखे शुभ्र खडे. "उद्यापासून ओढायचं," तो म्हणाला होता, आणि ती ओंजळ कुठे ठेवावी हे न सुचून तसाच उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. म्हातारा पहाटे उठला, रोज्यासाठी दोन घास खाल्ले, नमाज पढला, आणि दारावर गेला. हंगाम सुरू होताना वाफे रिकामे असतात, भरतीला दार उघडायचं असतं. त्याच्या डोक्यात हंगाम सुरू होत होता. त्याने दार पूर्ण वर ओढलं, खुंटी मारली आणि बांधावर बसला. नीट झालेल्या कामाकडे बघत माणूस बसतो तसा.

नवरा पोचला तेव्हा वाफा कुठला आणि खाडी कुठली, कळत नव्हतं. तो दारावर चढून दोन्ही पायांनी उड्या मारत होता, कारण फुगलेलं लाकूड खाली जाईना.

"अजून थोडं येऊ दे," म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला.

"काय येऊ देऊ?"

नवरा बापाशी बोलला ते एवढंच. त्यानंतर नाही. ओरडला नाही, घरात भांडं आपटलं नाही. नुसता बोलायचा थांबला. जेवताना ताट सरकवायचं तर बायकोकडे सरकवायचा आणि ती ते पुढे सरकवायची.

म्हाताऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी तो एकटाच वाफ्यांच्या काठाने फिरून आला, खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला, आणि त्या रात्री रोजा सोडतानाचा खजूरसुद्धा त्याच्या मुठीतच राहिला. सकाळी उठला तेव्हा झालेलं सगळं पुसलं गेलं होतं. वार मात्र पुढे सरकला नाही.

सरकार

सोमवार आणि गुरुवार हे त्या दोघांचे होते, म्हाताऱ्याचे आणि सासूचे. वर्षभर. रमजानचे रोजे सगळेच ठेवतात. हे त्यांनी आपणहून घेतले होते, लग्न झालं त्या वर्षी. सासू चार बायकांत बसली की म्हणायची, "आठवड्याची बरी-वाईट कामं या दोन दिवशी वर अल्लापुढे दाखवली जातात. आपली दाखवतील तेव्हा तोंड रिकामं असलेलं बरं." म्हातारा तिला सरकार म्हणायचा. "सरकार, आज काय हुकूम?" "आज रोजा." "मग माझाही." तिने एखादा सोडला, अंगात कणकण असली, तर तोही सोडायचा. एकट्याने ठेवला असं कधी झालंच नाही, ती असेपर्यंत.

ती गेली. तो ठेवत राहिला. मिठागरात उन्हात ओठ फुटायचे, खारं वारं त्यावर बसायचं, तो जीभसुद्धा फिरवायचा नाही. तेव्हा अंगात ताकद होती.

मंगळवारचा गुरुवार

मौलाना काळ्या चपलेची जोडी जुळवायला स्वतःच आले. तपकिरी त्यांची होती.

"दारवाले, तुम्ही रोज रोजा ठेवता असं ऐकलं."

"रोज कुठे? सोमवार, गुरुवार."

"आज मंगळवार आहे."

म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं. "यांनाही तूच सांगितलंस वाटतं."

मौलाना खाटेच्या कडेला टेकले. "हे बघा. नफिल रोजा आहे, कुणी सक्ती केलेली नाही. एक दिवस ठेवावा, एक दिवस सोडावा, त्याच्या वर जाऊ नये. रोज ठेवू नये."

"बरोबर आहे. काल मी सोडला होता."

"काल ठेवला होतात," सून म्हणाली.

"काल हिने मला खीर दिली." त्याने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मौलानांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. खीर घरात कित्येक महिन्यांत शिजली नव्हती.

"बरं, मोडलात तरी गुन्हा नाही," मौलाना म्हणाले. "अशक्तपणा आहे. मोडा, मागाहून बदली एक ठेवा."

"कोण अशक्त?"

मौलाना उठले. ती त्यांना बांधापर्यंत सोडायला गेली. वाऱ्याने त्यांची दाढी एका खांद्यावर गेली होती, ती सावरत ते बोलले.

"विसरून खातात का कधी?"

"नाही. म्हणजे, समोर काही ठेवतच नाही मी. उगाच कशाला."

"रोजेदार विसरून खाऊन गेला तर रोजा तुटत नाही, पोरी. अल्लाने त्याला भरवलं असं समजायचं. तरणाताठा असेल तर बघणाऱ्याने आठवण करून द्यावी. म्हातारा, थकलेला असेल, तर गप्प राहावं."

"गप्प राहायचं?"

"गप्प."

"आणि विसरायला लावलं तर?"

मौलानांनी पायातली चप्पल उगाच झटकली. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि गेले.

विसराचे दिवस

दुपारची नमाज झाली की म्हातारा आडवा व्हायचा. उठायचा तेव्हा थोडा वेळ त्याच्याजवळ काहीच नसायचं. वार नाही, घर नाही, वय नाही. ओहोटीनंतर खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पाणी परत यायच्या आधी तिथे पाखरं उतरतात, तेवढा वेळ. तिने तो हेरला.

पहिल्या दिवशी तिने पेजेची वाटी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवली. "खा" म्हणाली नाही. त्याच्याकडे बघितलं नाही. पाठमोरी बसून तांदूळ निवडत राहिली आणि कान मागे लावले. वाटी जमिनीवरून उचलल्याचा आवाज. एक भुरका. मग थांबला. तिचं बोट एकाच खड्यावर राहिलं. मग दुसरा भुरका. शेवटी वाटी बोटाने पुसल्याचा आवाज.

घरामागे पाण्याच्या पिंपाला धरून ती उभी राहिली. मग तिने चूळ भरली, जणू खाल्लं तिनेच होतं.

संध्याकाळी त्याने खजूर हातात घेऊन दुवा पढली, दिवसभराच्या उपाशी माणसाच्या आवाजात. तिने मान खाली घातली. वरच्याने तो रोजा धरला असेल, मौलानांनीच सांगितलं होतं. तिचं काय धरलं असेल?

हळूहळू त्याच्या गालांवर थोडं मांस आलं. चालताना भिंत सोडली. नमाज झाल्यावर इतर बायका ओंजळ धरून काय काय मागतात, औषध, पाऊस, नातवंडं. ती एकच मागायची. आज विसरू दे.

काही दिवशी विसरायचा नाही. डोळे उघडल्या उघडल्या म्हणायचा, "ऊन कलायला किती वेळ आहे?" मग वाटी उचलून न्यावी लागे. असे दिवस वाढले तशी ती मदत करायला लागली. उशाशी बसून जुनं काढायची. दार पहिल्यांदा बसवलं तेव्हा सुतार पाण्यात कसा पडला. अम्मांनी, म्हणजे सासूने, त्याला कुणाचा सदरा दिला. म्हातारा बोलता बोलता मागे मागे जायचा, हाताला वाटी लागायची, खायचा.

अशाच एका दुपारी तो तिला म्हणाला, "सरकार, मीठ कमी आहे."

"मी सून आहे, अब्बा."

त्याने वाटी खाली ठेवली. कोण गेलं, कोण राहिलं, हे सगळं त्याच्या तोंडावर एकेक करून परत आलं. "आज गुरुवार ना," तो म्हणाला. वाटी भरलेली परत गेली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, "सरकार."

"हं," ती म्हणाली.

"तू बसली नाहीस जेवायला?"

"जेवले मी."

"रोजा नाही तुझा?"

"नाही."

"मग माझाही नसेल," तो म्हणाला, आणि पोटभर जेवला.

तेव्हापासून दुपारी ती सासूसारखी ओढणी दोन्ही कानांवरून घट्ट घ्यायची, सासू बसायची त्या बाजूला बसायची, आवाज थोडा जाड काढायची. सोपं होतं. तीच तर सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"अब्बांना काय देतेस?" नवऱ्याने एकदा तिला विचारलं. बापाबद्दल त्याने काही विचारलं हेच खूप होतं. "गाल भरलेत त्यांचे."

"अल्ला देतो," ती म्हणाली.

दांडा मोडला त्या दिवशी

नवरा भर दुपारी घरी आला. वाफ्यातला चिखल वाळून कडक झाला होता, जोर लावताना फळीचा दांडा मधोमध मोडला होता. त्याचा एक तुकडा हातात घेऊन तो दारात उभा राहिला.

आत त्याची आई बसली होती. मग ती बायको झाली. मग त्याला बाप दिसला, वाटी तोंडाला लावलेला, मिशीला पेज लागलेली. "सरकार, पोरगा अजून आला नाही गं," बाप म्हणत होता.

नवऱ्याचा चेहरा बायकोने बघितला. तिने मान हलवली, नको. पण तो बोलून गेला होता.

"अब्बा, आज तुमचा रोजा ना?"

म्हातारा थांबला. घास तोंडातच होता. त्याने तो हळूच तळहातावर काढला, आणि तो हात पुढे धरून बसला, कुठे ठेवायचा ते न कळल्यासारखा. सुनेने वाटी पुढे केली. त्याने हात मागे घेतला. तसाच उठला, बाहेर गेला, घास मातीत टाकला, पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. आत आला तेव्हा सदऱ्याची छाती ओली होती.

"तू सून आहेस," तो म्हणाला.

"हो, अब्बा."

"माझा रोजा आहे हे तुला माहीत होतं?"

"हो."

"ती कुठेय?"

तो ओढणीकडे बघत होता. तिने ती कानांवरून मागे सारली, पण उशीर झाला होता. "गेली ना ती," म्हातारा म्हणाला. "थंडीत गेली. मीच होतो उशाशी." खाली बसताना त्याने खाट चाचपली.

"तुटला नाही रोजा," सून म्हणाली. "मौलाना म्हणालेत. विसरून खाल्लं तर तुटत नाही."

"मी विसरलो, पोरी. तू नाही विसरलीस."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने मुलाकडे बघितलं, हातातल्या मोडक्या दांड्याकडे, पायांवरच्या चिखलाकडे. या दिवसांत पायांवर चिखल नसतो, मीठ असतं. तो बघत राहिला, आणि जे बघायला नको ते त्याला दिसलं.

"दार मी उघडलं होतं," तो म्हणाला.

नवऱ्याने पायाचा चिखल उंबऱ्याला घासला.

"धरलेलं मीठ होतं ना? आता वर काय दाखवतील माझं?"

नवऱ्याने दांडा भिंतीला टेकवला. तो घसरून पडला. त्याने पुन्हा टेकवला.

"नाही, अब्बा," तो म्हणाला. "पाऊस पडला. अवेळी. सगळ्यांचंच गेलं."

"पाऊस?"

"हो."

"दार मी नाही उघडलं?"

"दार बंद होतं."

म्हातारा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होता. खरं मानलं की नाही ते कळलं नाही.

"बऱ्याच दिवसांनी बोललास," तो म्हणाला.

काय गेलं, काय राहिलं

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या डोक्यातून पाऊस गेला. मोडका दांडा गेला. सासू पुन्हा जिवंत झाली, शेजारी गेली आहे, येईल. मिठाचं काय झालं हे त्याने परत कधी विचारलं नाही.

राहिलं ते एकच.

सून वाटी घेऊन आली की तो खाटेवर सरकत सरकत भिंतीपाशी जायचा. ओठ आवळायचा. तिने ओढणी साधी घेतली, वाटी बदलली, पाठमोरी बसली, सुताराची गोष्ट काढली. तो नवऱ्याला जवळ बोलावून तिच्या देखत कुजबुजला, "ही बाई कोण आणलीस? ही रोजा मोडायला लावते."

"अब्बा, ती घरचीच आहे."

"तू दिवसभर बाहेर असतोस. तुला नाही माहीत."

सूर्य बुडाल्यावरसुद्धा तिच्या हातचा खजूर तो घेईना. नवऱ्याने दिला तर घ्यायचा, तोही उलटसुलट करून. मांस आलं होतं ते उतरलं. एका सकाळी त्याला उठवायला तिने काखेत हात घातला तर त्याने तिचं मनगट पकडलं आणि जेवढा होता तेवढा जोर लावून ढकललं. जोर नव्हताच. तरी ती मागे झाली, त्याला ढकलल्यासारखं वाटावं म्हणून.

त्या रात्री जेवताना नवरा ताटात बघत म्हणाला, "दुपारी मी येतो घरी. कसं करायचं ते सांग."

तिने सांगितलं. "बोलायचं नाही. बघायचं नाही. हाताला लागेल असं ठेवायचं. तुम्ही आपलं काहीतरी करत बसा."

"आणि नाही घेतलं तर?"

"भरतीचं विचारा. किती चढेल ते. सांगायला लागले की हात आपोआप जातो."

"अम्माचं विचारलं तर?"

तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "सांगा, जेवली."

त्याने मान हलवली.

वाफ्यात

कुणीतरी उतरायला हवं होतं. ऊन होतं तोवर एक पीक पुन्हा धरता आलं असतं, तळ तुडवला तर. म्हणून नवरा बांधावरून घराकडे चालू लागला की ती वाफ्यात उतरायची. पायांना फडकी, भेगांत मेण. चिखल टाचेने दाबायचा, मग चवड्याने, पुन्हा टाचेने, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि वळायचं. डोक्यावर ऊन उभं. पहिल्या दिवशी मेण कमी पडलं आणि भेगा पेटल्या. ती थांबली नाही. शेजारच्या मिठागरातल्या बाईने हाक मारली, "काय गं, घरात सासऱ्याशी पटेना वाटतं?" ती हसली आणि तुडवत राहिली.

घर तिथून काडेपेटीएवढं दिसायचं. दार उघडं, आत काळोख. दारात मधूनच कुणीतरी हलल्यासारखं वाटायचं. वाटी उचलली असेल का, ठेवली असेल का, एवढ्या लांबून कान लावून काय कळणार? तरी ती पाय उचलताना थांबायची.

त्या दिवशी नवऱ्याला उशीर झाला. ती वळून वळून बघत होती. शेवटी तो बांधावर दिसला, सावकाश येत होता, हात सदऱ्याला पुसत. वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. लगेच खाली उतरला नाही.

"खाल्लं?"

"खाल्लं. सगळं."

तिने श्वास सोडला. "कसं काय?"

तो खाडीकडे बघत होता. "आधी घेतच नव्हते. भरतीचं विचारलं, काही नाही. दाराकडे बघत होते सारखे. म्हणाले, ती बाई गेली का."

ती चिखलात उभी होती, घोट्यापर्यंत.

"मग?"

"मी म्हटलं, गेली." तो वाकून पायाचं फडकं आवळू लागला. "पुन्हा येणार नाही ना, म्हणाले. मी म्हटलं, नाही. मग खाल्लं."

वाऱ्याने तिच्या तोंडावर ओढणी आली. तिने ती बाजूला केली, चिखलाचा हात गालाला लागला.

"झोपलेत आता?"

"हो."

"मग त्यांना जाग येईल तेव्हा मी घरात दिसायला नको, इथेच थांबते," ती म्हणाली. "उद्याही तसंच सांगा."

आणि तिने टाच चिखलात दाबली, मग चवडा.